भट्टीचा मणी

आईचा आवाज धुरासारखा होता. दारातून निघून जायचा आणि कपड्यांत मागे राहायचा. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली होती, तरी सकाळी ओटा पुसताना ती लाकडाच्या चुलीपुढे बसल्यासारखीच म्हणायची:

*आगिनकोनी माझी चूल, चुलीखाली गं पुरला मणी,*
*धनी माझा ओतितो, लोखंडाचं लाल पाणी.*

मणी म्हणजे भट्टीचा मणी. ओताऱ्याच्या घरात नवं घर बांधलं की घरधनी आपल्या भट्टीतून सांडून गार झालेला धातूचा एक थेंब आणायचा. दुधानं धुवायचा, हळदीकुंकू वाहायचा आणि आग्नेय कोपऱ्यात, चूल जिथं येणार तिथं, पुरायचा. ज्या आगीनं पोट भरतं तिचा एक थेंब उंबऱ्याच्या आत असला की ती आग घर सोडून जात नाही, अशी समजूत. पंचगंगेकाठच्या त्या गावात प्रत्येक ओताऱ्याच्या चुलीखाली असा एक मणी होता. कुणी तो परत उकरून पाहिला नव्हता.

उत्कर्षाला ती ओवी फार वर्षांनी आठवली, ती हौसाक्का कासारणीच्या ओसरीवर. मांडीवर काचवाचक यंत्र होतं आणि त्याच्या चिमुकल्या खिडकीत हिरव्या बांगडीचा एक तुकडा निळसर उजळला होता. काजव्यानं श्वास घ्यावा तसा.

"सरकारला आता फुटक्या बांगड्याबी पुरंनात व्हय गं?" हौसाक्का म्हणाली. "आधी मतं मोजली, मग गुरं मोजली. आता आमच्या काचा."

"काचा खोटं बोलत नाहीत, हौसाक्का."

"मग आमच्या गावात कुणाच्या घरात ऱ्हात्यात त्या?"

उत्कर्षा हसली, पण तिची नजर खिडकीवरून हलली नाही.

किरण-सुरक्षा विभागात ती नोकरीला लागली तेव्हा हे यंत्र नुकतंच आलं होतं. त्यामागची गोष्ट तशी साधी. काचेच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे असंख्य खळगे असतात. किरणोत्सारी पदार्थाजवळ काच राहिली की त्याचे किरण त्या खळग्यांत थोडी थोडी ऊर्जा सांडत जातात. काच ती जपून ठेवते, कुणी मागेपर्यंत. यंत्र तिच्यावर विशिष्ट रंगाचा प्रकाश टाकतं आणि काच साठवलेलं सगळं उजेडाच्या रूपानं परत देते. जितका उजेड, तितका मारा. हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. नवं होतं ते पुढचं. काचेतले काही खळगे गळक्या गाडग्यासारखे असतात, त्यांतलं हळूहळू झिरपून जातं. काही पक्के, त्यांतलं कधीच जात नाही. गळक्यात किती उरलं आणि पक्क्यात किती आहे हे ताडून पाहिलं की मारा कधी बसला तेही कळतं, आणि एका दणक्यात बसला की रोज थोडा थोडा, हेही. म्हणजे काच आता साक्षीदार झाली होती, तारखेसकट.

मग कुणाला तरी सुचलं, की गावोगावच्या कासारणी फुटक्या बांगड्या गोळा करून काचभट्टीला विकतात. त्या वर्षातून एकदा यंत्राखालून गेल्या तर कुठं काही हरवलेलं, चोरलेलं, लपवलेलं सापडेल. रुग्णालयांतली, कारखान्यांतली किती यंत्रं कुठं जातात याचा हिशेब कुणीच धड ठेवत नाही. पण बाईचा हात घरभर फिरतो.

"ह्या कुणाच्या?" उत्कर्षानं तुकडा पुढे केला. गर्द हिरवा, आत सोनेरी कण.

हौसाक्कानं तो उजेडाकडे धरला आणि उगाच फिरवत राहिली. "ह्या वाढवलेल्या हायत," ती शेवटी म्हणाली.

बांगडी फुटली असं कासारीण म्हणत नाही. वाढवली म्हणते.

"कुणी वाढवल्या?"

"तुझ्या भावजयीनं. दिवस गेल्यावर चोरओटीला म्याच भरल्या हुत्या. दोनदा भरल्या आणि दोनदा तिनं माझ्यापुढं बसून वाढवल्या. तुला सांगितलं न्हाई व्हय कुणी?"

एकदा पोट रिकामं झाल्याचं उत्कर्षाला माहीत होतं. दुसऱ्यांदाचं कुणी सांगितलं नव्हतं. खिडकीतला उजेड विझत आला होता. यंत्रानं आकडा दाखवला आणि खाली ओळ: *मारा एकदम नाही. रोज. अनेक आठवडे.*

तिनं तुकडा पाकिटात घातला आणि भावाच्या घराची वाट धरली.

---

घर तिच्या भावानं, संग्रामनं, तीन वर्षांपूर्वी बांधलं होतं. पुढच्या खोलीत आण्णा, तिचे वडील, आरामखुर्चीत बसलेले. उभा जन्म त्यांनी नदीकाठच्या फाउंड्रीत भट्टीपुढे काढला. फाउंड्री बंद पडली, भट्ट्या यंत्रमानवांच्या नव्या कारखान्यांत गेल्या, आणि आण्णांच्या डोळ्यांत तेवढी लाली उरली.

"आलीस व्हय? सांगावा न्हाई, फोन न्हाई. सरकारी गाडी घेऊन आलीस म्हंजे आमच्यावर धाडच म्हणायची."

ती काही बोलायच्या आत तिच्या पिशवीतलं मोजणीयंत्र टिकटिकलं. कढईत मोहरी तडतडावी तसं. आण्णांनी पिशवीकडे पाहिलं. तिनं पिशवी छातीशी धरली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात रेवती, तिची वहिनी, चहा टाकत होती. शेगडी कोपऱ्यातल्या ओट्यावर, आग्नेयेला. ओट्याखालचा भाग मोकळा, गॅसची टाकी गेल्यापासून रिकामा. रेवती तिथंच उभी होती, नेहमी उभी राहायची तशी. पायात मोजे होते. उजव्या पायाच्या मोज्यावर पिवळट डाग पसरला होता, आणि चहाच्या वासाखाली दुसरा एक वास होता, ओल्या जखमेचा.

"ताई! बरं झालं आलात. बुधवार आहे आज. उद्या मी जाणार ना." रेवतीनं हसून मागं पाहिलं. "माझा दादा येतोय न्यायला."

"माहेरी? किती दिवस?"

रेवती साखर घालत राहिली. "त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला? आता तिकडंच. कोर्टात संमतीनं घटस्फोट व्हायचाय. नव्या घराला माझे पाय लाभले नाहीत, ताई. बघा ना, पायांनीच सांगितलं." तिनं ओल्या मोज्याकडे बोट केलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "डॉक्टर बदलले, मलम बदललं. भरतच नाही."

पिशवीतली मोहरी आता थांबत नव्हती. सगळा जिल्हा पालथा घालून जे शोधायचं ते इथं होतं, त्या बाईच्या टाचांखाली.

"वहिनी, चहा राहू दे. चपला घाला आणि हौसाक्काकडे जाऊन बसा. आत्ता."

"उतू जाईल."

"जाऊ दे."

रेवती गेली. उत्कर्षा बाहेर आली आणि आण्णांच्या खुर्चीपुढे उकिडवी बसली. "आण्णा, कोपऱ्यात काय पुरलंय?"

"मणी. दुसरं काय?"

"कुठला मणी?"

आण्णांचा चेहरा उजळला. विचारणारं कुणी भेटलं नव्हतं बहुतेक. "शेवटचा. खंडेनवमीला. भट्टी मोडाय काढली हुती, म्हटलं, शेवटची पूजा तर करावी. तवा एका भंगारवाल्यानं दिला. म्हणाला, काका, तुमच्या भट्टीच्या अंगातनं निघालाय. काय चकाकी हुती गं! गंज न्हाई, काजळी न्हाई. एवढासा, करंगळीच्या पेराएवढा. सदऱ्याच्या खिशात घातला आणि चालत आलो. माझ्या बापानं बी असा मणी पुरला नसंल." बोलता बोलता त्यांचा हात छातीवर गेला. डाव्या बाजूला, खिशाच्या जागी. "त्याच हप्त्यात हितं नागीण उठली बघ. वरीसभर वाहत हुती."

उत्कर्षाला ते ऐकवेना. नागीण. उभ्या गावानं मंत्र घातले असतील त्या जखमेवर.

त्या भट्टीला एक यंत्र बसवलेलं असायचं. भट्टीच्या पोटात ऐन धगीत माल किती वर आलाय हे डोळ्यांनी पाहता येत नाही, म्हणून एका अंगाला शिशाच्या जाड डबीत सीझियमची कुपी आणि समोरच्या अंगाला टिपणारं यंत्र. किरण पलीकडे पोचले तर भट्टी रिकामी, अडले तर भरलेली. शिशाच्या आत कुपी आहे तोवर तिच्याशेजारी बसून भाकरी खाल्ली तरी चालते. पण खंडेनवमीला शेड उघडी असते, हत्यारं पुजायला सगळे येतात-जातात. मोडतोडीच्या ठेकेदाराच्या माणसांनी शिशासाठी डबी शेडमागं नेऊन फोडली, शिसं विकलं. आत निघालेल्या चकचकीत कुपीला भाव नव्हता. म्हणून ती एका म्हाताऱ्याला दिली, त्याचं मन राखायला. आणि म्हाताऱ्यानं ती जगातल्या सगळ्यात पवित्र जागी ठेवली.

"आण्णा," ती म्हणाली, "चला. आपण सगळे बाहेर बसू."

---

दुपारपर्यंत गल्लीला फीत लागली. उत्कर्षाचा सहकारी मुजावर यानं व्हॅनमधून कासवासारखं रांगणारं यंत्र काढलं आणि ते चौकटीतून आत सोडलं. फरशी कापल्याचा आवाज आला. पडद्यावर त्याच्या डोळ्यातून दिसत होतं: फरशीखाली वाळू, वाळूत सुपारी, एक हळकुंड, काळं पडलेलं नाणं. आणि मधोमध ती कुपी. लखलखीत. तिच्या अंगावर तीन वर्षांपूर्वीचं हळदीकुंकू अजून चिकटलेलं होतं.

मुजावर क्षणभर थांबला. "बिस्मिल्ला," म्हणाला आणि यंत्राच्या लांब चिमट्यानं ती उचलून शिशाच्या भांड्यात ठेवली. झाकण बसलं. व्हॅनमधली सगळी मोहरी गप्प झाली.

बाहेर संग्राम शेजाऱ्यांना सांगत होता. इस्त्रीचा शर्ट, नव्या कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात. "काही नाही हो, जुनी गॅसची लाइन गळत होती. बहीणच आली बघा धावून. उगाच सरकारी खात्यात नाहीये." कुणीतरी हसलं. हौसाक्काच्या ओसरीवरून रेवतीनं विचारलं, "गॅसच होता का हो?" आणि तो म्हणाला, "गॅसच. तू आपली बॅग बघ."

उत्कर्षानं ऐकलं. तिनं काचांसाठी पाकिटं काढली.

नियमाप्रमाणे घरातल्या सगळ्यांच्या काचा घ्यायच्या होत्या. आण्णांचा चष्मा, रेवतीच्या हातातल्या बांगड्या, संग्रामचं घड्याळ. व्हॅनमध्ये बसून तिनं एकेक यंत्राखाली धरली. आण्णांच्या चष्म्यानं एकच दणका दाखवला, खंडेनवमीचा, आणि पुढं जवळजवळ काही नाही. रेवतीच्या बांगड्या अशा उजळल्या की तिनं डोळे बारीक केले. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, सणावाराला जास्त. स्वयंपाकघरात कोण उभं होतं आणि कोण ताट वाढायची वाट बघत बाहेर बसलं होतं, ते काचेत लिहिलेलं होतं, कुणी न विचारता.

शेवटी घड्याळ. स्वयंपाकघराचा मारा त्यातही नव्हता. पण एक बारीक, टोकदार दणका होता. खंडेनवमीचाच. आण्णा मणी घरी घेऊन आले ती संध्याकाळ, हा सकाळचा.

तिनं संग्रामला व्हॅनच्या आडोशाला बोलावलं.

"दादा, त्या दिवशी सकाळी फुटक्या डबीपाशी तू होतास."

"कोण म्हणतं?"

तिनं घड्याळ त्याच्या हातात दिलं. तो काचेकडे बघत राहिला, तिच्यात आपलं तोंड दिसतंय का ते पाहावं तसा.

"फाउंड्रीत सुपरवायझर होतो मी," तो म्हणाला. "शेडमागं भंगारात फुटकी पडलेली दिसली. रिकामी. मालकांना फोन केला. ते म्हणाले, यंत्र कंपनीला परत पाठवलं म्हणून सांग, बोभाटा नको, जागा विकायची आहे. मी सांगितलं. झालं. नव्या कारखान्यात त्यांनीच चिकटवलं मला."

"आतली कुपी तेव्हा तिथंच भंगारात होती, तुझ्या घड्याळानं पाहिली. ती कुठं गेली, हे विचारलं नाहीस?"

"कुणाला विचारायचं? गेली असेल कुणाच्या तरी—"

"कुणाच्या तरी घरात."

"आपल्या घरात आहे हे मला काय स्वप्न पडणार होतं?"

'आपल्या' या शब्दावर त्याचा जोर होता, आणि त्या जोरात उत्कर्षाला दिसलं की दुसऱ्याच्या घरात असती तर त्याला झोप लागली असती. लागतच होती. लहानपणी ह्याच हातांनी त्यानं तिला नदीत पोहायला शिकवलं होतं. त्या हातांना आता अत्तराचा वास होता, गोड आणि शिळा.

"ऐक," तो हळू आवाजात म्हणाला. "विभागाला काय कळवायचं ते कळव. पण रेवतीला नको. ती उद्या जातेय. संमतीनं होतंय सगळं. तिच्या भावांना हे कळलं तर खटला, पोलीस, आणि आण्णांना ह्या वयात... त्यांनीच पुरलंय ना? तुला आण्णा चौकीत बसलेले बघायचेत? आणि तिला कळून आता काय मिळणार आहे, सांग. गेलेली पोरं येणार आहेत?"

"तिच्या रक्ताची तपासणी करावी लागेल. पायाची. वर्षानुवर्षं."

"माहेरी करतील की. कसलंही कारण सांग. डॉक्टरला तू सांग." मग समजावणीच्या सुरात, जवळ येऊन: "तिचा पायगुणच तसला होता, असं गाव म्हणतंय. म्हणू दे. गाव विसरेल."

उत्कर्षाला वाटलं, ह्या माणसाच्या तोंडून काहीतरी सांडतंय आणि ते तिच्या अंगावर उडतंय. ती एक पाऊल मागं सरली. खुर्चीतून बाहेर येऊन कठड्यावर बसलेले आण्णा तिला दिसत होते. त्यांना अजून कुणी काही नीट सांगितलं नव्हतं. ते मुजावरला विचारत होते, "त्यो मणी परत कवा देणार?"

संध्याकाळी मुजावरनं भांडं व्हॅनमध्ये बांधलं. "मॅडम, ज्यांना मारा बसलाय त्यांना समोर बसवून सांगायचं असतं. सांगितलंत ना?"

"सांगते," उत्कर्षा म्हणाली.

रात्री तिला जेवण गेलं नाही. हौसाक्कानं वाढलेल्या भातात माशी पडलेली दिसावी आणि घास आधीच गिळलेला असावा, तसं होत राहिलं.

---

गुरुवारी सकाळी रेवतीचा भाऊ, विश्वजित, विजेवरची छोटी गाडी घेऊन आला. चहाला नको म्हणाला. कुणी आग्रहही केला नाही. संग्राम बॅगा उचलायला फार तत्पर होता.

रेवती आण्णांच्या पाया पडली. "आण्णा, औषधं फ्रिजवर ठेवलीत. पांढरी गोळी जेवल्यावर."

"व्हय," आण्णा म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. छातीवरची जागा चोळत राहिले.

मग ती उत्कर्षाकडे आली. उंबऱ्याच्या पायरीवर दोघीच. संग्राम गाडीपाशी, पण कान इकडे.

"ताई, एक सांगू? राग धरू नका." रेवतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही काल मला चहा उतू जाऊ दे म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, आता माझ्या हातचा चहाही नको झाला ह्यांना. मग म्हटलं, बरोबरच आहे. दोन वेळा ओटी भरली आणि मी दोन्ही वेळा सांडली. पहिल्या वेळी ओकाऱ्या लागल्या तेव्हा आण्णांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. त्यांचे पेढे मी फुकट घालवले." ती हसली. हसताना तिनं तोल सावरायला डावा पाय पुढं घेतला, आणि उजवा जमिनीला टेकला तसा तिचा चेहरा आखडला. "तेवढी माफी मागायची राहिली होती. तुमच्या घराची."

माफी. उत्कर्षाच्या कानांत आईचा आवाज उठला, ओटा पुसतानाचा, *आगिनकोनी माझी चूल*. तेवढीच ओळ, आणि पुढची येईना.

"उत्कर्षा," संग्राम गाडीपासून म्हणाला, "उशीर होतोय त्यांना."

उत्कर्षा पायरीवर बसली. रेवतीला हाताला धरून शेजारी बसवलं. तिचा उजवा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि मोजा हळू काढला. विश्वजित दोन पावलं पुढे आला आणि पाहून थबकला. तळव्याचं मांस पिकलेल्या फळासारखं फाटलं होतं.

"ताई, घाण आहे. हात नका लावू."

"घाण तुमच्या पायाची नाही," उत्कर्षा म्हणाली. तिनं मान वर केली नाही. पायाकडेच बघत बोलत राहिली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वहिनी, काल गॅस नव्हता. तुम्ही जिथं उभ्या राहून स्वयंपाक करायच्या, त्या फरशीखाली कारखान्यातून चोरीला गेलेली किरणोत्सारी कुपी होती. तीन वर्षं. आण्णांनी भट्टीचा मणी समजून पुरली. त्यांना माहीत नव्हतं. तुमचे पाय तिनं जाळले. दोन्ही वेळा तुम्हाला दिवस गेले तेव्हा ती तिथं होती, आणि तुम्ही तिच्यावर उभ्या होतात, आमच्यासाठी भाकरी थापत. पोरं तिच्यामुळंच गेली, असं कोणतंही यंत्र शपथेवर सांगणार नाही. पण तुमच्या पायगुणानं काही गेलं नाही, हे मी सांगते. तुमच्या बांगड्यांत सगळं आहे, ते पुसता येत नाही. त्या मी जपून ठेवल्यात. हव्या तेव्हा, हव्या त्या कोर्टात दाखवीन."

आण्णांच्या घशातून एक आवाज आला, शब्द नसलेला. कठडा धरून ते खाली बसले.

रेवतीनं आपल्या रिकाम्या मनगटांकडे पाहिलं.

"ते यंत्र फुटलंय आणि कुपी कुठंतरी मोकळी फिरतेय," उत्कर्षा म्हणाली, "हे दादाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि कालपासून मलाही."